दामिनीची आडवी रेघ

अकोल्याच्या एका खाजगी दवाखान्यात, जिन्याखालच्या खोलीत दामिनी बसते. पूर्वी तिथे चादरी ठेवत. आता कुलपाचं कपाट, औषधांचा फ्रिज आणि छतापर्यंत फायली. नव्या औषधांची माणसांवर चाचणी होते, तिचं सगळं काम धामणगाव रेल्वेची ही पोरगी एकटी बघते. पेशंटला बोलावणं, रक्ताचे नमुने पाठवणं, उरलेल्या गोळ्या मोजणं, कंपनीच्या ईमेलना उत्तरं देणं. मोठेपणा मात्र डॉक्टरांचा.

मी चाळीस वर्षं रंगभूमीवर काढली. आता रक्तदाब तपासायला तिथे जाते आणि दामिनीपाशी रेंगाळते. एकदा सहज म्हटलं, "चुकलं तर पांढरी शाई लाव ना. रेघा कसल्या मारतेस?"

"तारामावशी, इथं चूक झाकायची नसते. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला सही अन् तारीख."

मला हसू आलं. आम्ही तर संवाद विसरलो की पदर सावरून वेळ मारून न्यायचो.

मागच्या हिवाळ्यात हिवरखेडच्या रुख्मिणीबाई रक्तदाबाच्या नव्या गोळीच्या चाचणीत आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. अशा वेळी संमती घेताना बाहेरचा साक्षीदार लागतो आणि सगळ्याचं चित्रीकरण होतं. साक्षीदार म्हणून मी बसले. समजावून सांगणं हे डॉक्टरांचं काम. ते दोन मिनिटं टेकले, "चालू द्या तुमचं" म्हणाले आणि ओपीडीत गेले. दामिनीचा घसा पार बसला होता. मग ती अकरा पानं मीच वाचली. किती वर्षांनी समोर कुणी ऐकायला बसलं होतं!

दोन महिन्यांनी भरदुपारी रुख्मिणीबाईंचा फोन आला. दामिनीनं तो स्पीकरवर घेतला, मी तिथेच होते.

"ताई, माही जाऊ पडली वो. डोये उघडून नाही राहिली."

"तिनं काय खाल्लं?"

"तुमची गोयी. तिलेबी बीपी हाय ना. येवढी भारी गोयी, मी एकटीच कशी खाऊ? एका चुलीवर जेवतो आमी."

जाऊबाईंचं स्वतःचं औषध चालूच होतं, त्यावर ही गोळी. दामिनीनं गावच्या डॉक्टरला फोनवर औषधाची सगळी माहिती दिली, गाडी पाठवली. संध्याकाळपर्यंत बाई शुद्धीवर आली. गोळी कोणती हे वेळेवर कळलं म्हणून ती वाचली.

आणि डॉक्टर काय म्हणाले? "गोळ्या हरवल्या असं लिही."

"हरवल्या नाहीत, सर."

"परवा कंपनीचा माणूस तपासणीला येतोय. आपलं केंद्र बंद पडेल. कळतं का?"

"कळते. पण उद्या दुसऱ्या गावात दुसरी जाऊ हीच गोळी खाईन, तवा?"

तिनं त्याच दिवशी जे घडलं ते लिहून कंपनीला आणि अशा चाचण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीला कळवलं. तिसऱ्या दिवशी तिला केसपेपरच्या खिडकीत बसवलं. हातात नोटीस: पेशंटला नीट समजावलं नाही, कामावरून का काढू नये?

मग डॉक्टरांनी मला गोड बोलून बोलावलं. "ताराबाई, तुम्ही मोठ्या कलावंत. एवढंच लिहून द्या, की तुम्ही सगळं नीट वाचलंत, पण दामिनीनं समजावलं नाही."

"आधी ते चित्रीकरण दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी दाखवलं. धोक्यांचं पान मी काय वाचलं होतं! आवाजात कंप, जागोजागी विराम. रुख्मिणीबाई डोळे पुसत होत्या. आणि पुढचीच ओळ, "हे औषध दुसऱ्या कोणालाही देऊ नये," एका श्वासात गिळून टाकली होती. तिच्यात नाट्य नव्हतं ना! आणि शेजारी डॉक्टरांची खुर्ची, शेवटपर्यंत रिकामी.

मी तरातरा खिडकीशी गेले. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग माझं नाव का नाही लिहिलंस?"

"साक्षीदारानं फक्त बघायचं असते, मावशी. वाचायले मी दिलं. चूक माही."

माझं डोकं सणकलं. रिकाम्या खुर्चीला नोटीस नाही. अकरा अकरा पानं लिहिणाऱ्या कंपनीला नोटीस नाही. मिरवणाऱ्या म्हातारीलाही नाही. ती कुणाला, तर जिनं एका बाईचा जीव वाचवला तिला!

तिथेच कागद घेतला. सवयीनं हात लिहून गेला, "मी सगळं नीट वाचून दाखवलं." थांबले. "सगळं नीट" या शब्दांवर एक आडवी रेघ ओढली आणि पुढे ती गिळलेली ओळ लिहिली, रिकामी खुर्चीही लिहिली.

मागून आलेल्या डॉक्टरांनी डोकावून पाहिलं. "खाडाखोड कशाला? नवा कागद देतो."

"तुमच्याकडे कागद बदलत नाहीत, डॉक्टर."

काचेआडून दामिनी हळूच म्हणाली, "मावशी, रेघेपाशी सही अन् तारीख राहिली."

मी दोन्ही केलं आणि तो कागद स्वतः समितीला नेऊन दिला.

दामिनी आता परत जिन्याखाली बसते. चाचणीत येणाऱ्या प्रत्येक नव्या बाईला ती हटकून विचारते, "ही गोळी जाऊले द्यायची का?" डॉक्टरांची खुर्ची भरलेली असते, कारण समितीनं तशी अट घातली. नोटीस मागे घेतली, पण तिची माफी आजवर कुणी मागितलेली नाही. मी मागितली, तर म्हणाली, "चहा घेता का?"