आमच्या फाटकासमोरचा गतिरोधक

हडपसरला आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर एक गतिरोधक आहे. तो माझा आहे. कागदोपत्री महापालिकेचा असेल, पण त्यासाठी अकरा अर्ज मी केलेत. माझे यजमान एका सकाळी दूध आणायला निघाले आणि त्याच जागी भरधाव दुचाकीनं त्यांना उडवलं. ते गेले. नंतर दोन वर्षं कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठे डांबराचा हा उंचवटा पदरात पडला. तरी मी रस्ता ओलांडते तो दहा पावलं अलीकडून. त्या जागी पाय ठेवत नाही.

शीख गुरूंच्या हौतात्म्याला साडेतीनशे वर्षं झाली, तेव्हा नगरकीर्तनाची मिरवणूक आमच्या रस्त्यानं न्यायचं ठरलं. रस्त्याचं नशीबच उघडलं. वर्षानुवर्षांचे खड्डे चार दिवसांत बुजले, दुभाजकाला रंग लागला. मी गॅलरीतून कौतुकानं बघत होते. मग ठेकेदाराचा माणूस आला आणि माझ्या गतिरोधकावर खडूनं फुली मारू लागला. मी चपला घालून खाली.

"काकू, ग्रंथसाहिबांची गाडी जाणार आहे इथून. धक्का नको बसायला. उद्या काढतोय."

"आणि परत कधी करणार?"

तो नुसता हसला. पुण्यात या प्रश्नाला एवढंच उत्तर मिळतं.

मी रिक्षा केली आणि थेट गुरुद्वारा गाठला. काय काय सुनवायचं ते वाटेत पाठ केलं होतं. अंगणात बायका झेंडूच्या माळा ओवत होत्या. मिरवणुकीचं बघणारे एक वयस्क सरदारजी पुढे आले. पुण्यातच जन्मलेले, मराठी माझ्याइतकंच स्वच्छ.

"ताई, आधी चहा घ्या, मग भांडा," ते म्हणाले.

चहा हातात आला आणि पाठ केलेलं सगळं विसरले. भांडण राहिलं बाजूला, मी रडले. चार परक्या माणसांत, चांगली हुंदके देऊन.

ते माझ्याबरोबरच आले. वाकून त्यांनी त्या उंचवट्यावर तळहात टेकला, जरा वेळ तसेच राहिले. मग ठेकेदाराच्या माणसाला म्हणाले, "राहू दे हा. आमची गाडी पायी चालणाऱ्यांच्या मागून जाते. तिला कसली घाई?"

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन पुन्हा हजर. पट्टे पुसट झालेत, चालकाला लांबून दिसायला हवेत, म्हणाले. गुडघा धरत खाली बसले आणि स्वतः पट्टे ओढले. मी फुटपाथवरून, रेष वाकडी जातेय, एवढं सांगायचं काम केलं.

मिरवणुकीच्या दिवशी गाडीच्या बऱ्याच पुढे बायका रस्ता झाडत, पाणी शिंपडत आल्या. एकीनं काही न विचारता हातातला झाडू माझ्यापुढे धरला. मी चपला काढल्या. पट्ट्यांवरून झाडत गेले. पायाखालचं डांबर ओलं, गार होतं. झाडून झाल्यावर बाजूला उभी राहिले.

फुलांनी मढलेली गाडी आली. चालकानं ती गतिरोधकावर इतकी हळू चढवली, इतकी हळू उतरवली, की माळासुद्धा हलल्या नाहीत. ह्यांच्या जागेवरून इतकं जपून कुणी गेलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघाले आणि फाटकातून सरळ समोर रस्ता ओलांडला.