बूट टाकून गेलेले गिऱ्हाईक

गिऱ्हाईक बूट टाकून पळाले, असे आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सांगतात. धादांत खोटे! मुलाच्या हट्टापायी मी विकायला काढलेली जुनी, दोन दारांची अमेरिकन गाडी पाहायला ते गृहस्थ आले होते. वधूपरीक्षेला आल्यासारखे हात पाठीशी बांधून तिच्याभोवती फिरले आणि बूट बाहेर काढूनच आत बसले.

“काका, ही गुंतवणूक. गोदामात झाकून ठेवणार. चालवली की किंमत उतरते.”

“अहो, निवृत्तीपासून मीही घरात झाकलेलाच आहे. माझी किंमत कुठे वाढली?”

ते खळखळून हसले. “मग मारू या एक फेरी?”

स्टेशनला वळसा घालून आलो. “काका, विकू नका,” एवढेच म्हणून ते तंद्रीत अनवाणीच निघून गेले. बूट मी गाडीतच जपून ठेवले आहेत. न्यायला येतील तेव्हा दुसरी फेरी.