मुखेडजवळच्या वस्तीत थायलंडचे दोन भंते

लोक सुट्टीत महाबळेश्वरला जातात, गोव्याला जातात. मी लातूरहून एसटीने मुखेडला गेले, तेही दोन भिक्खूंना ‘आता तुम्ही इथून निघा’ असं इंग्रजीत सांगायला. सोबत माझे बाबा. अशा कामातून ट्रिप रंगेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला येड्यात काढलं असतं. पण गेल्या कित्येक वर्षांत इतकी झकास ट्रिप झाली नाही, म्हणून हे लिहितेय.

सुरुवात आत्याच्या फोनने झाली. मुखेडपासून थोड्या अंतरावरच्या आमच्या मूळ गावात, बौद्ध वस्तीत, आजोबांच्याच घरात ती राहते.

“संगे, तुझ्या बाबाला घिऊन ये. हितं लई घोळ होऊन राहिला.”

घोळ असा. वस्तीच्या विहारात वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने एकाच जागी राहायला, थायलंडहून दोन तरुण भिक्खू आले होते. वस्तीने कौतुकाने विहाराला रंग दिला, कमान लावली. आधी येणारे भंते कुणी जेवायला बोलावलं की घरी येत, पंगतीत बसत. हे दोघं मात्र सकाळी पात्र हातात घेऊन अनवाणी दारोदार फिरायचे.

“आन् आपण काही घालाया गेलं की पात्रावर झाकण लावतेत,” आत्या म्हणाली. “आपल्या हातचं चालंना त्यांना. लोक लई चिडलेत. परवा नांदेडच्या विहाराची जीप येऊन दोघांना घिऊन जाणार हाय. पण त्यांना नीट सांगाया इंग्रजी कोणाला येतंय?”

मी लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. त्यामुळे आमच्या नात्यात इंग्रजी, औषधं, कोर्टकचेरी, सगळ्याची तज्ज्ञ मीच.

फोन स्पीकरवर होता. ‘आपल्या हातचं चालंना’ हे ऐकलं आणि बाबा उठून शर्टाला इस्त्री करायला लागले. बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक, आवाज चढवत नाहीत. ते इस्त्री करायला लागले की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. छप्पन सालच्या आधी माझे आजोबा गावकीची कामं करायचे आणि त्या बदल्यात संध्याकाळी घराघरापुढे उभे राहून भाकरी गोळा करायचे. लोक शिळी भाकरी हात उंच धरून वरून टाकायचे, शिवायला नको म्हणून. दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घराने ते बंद केलं. मी दुसरीत असताना भूकंप झाला, तेव्हा बाबांची बदली किल्लारीकडच्या एका शाळेवर होती. ट्रकवरून खाण्याची पाकिटं फेकली जायची आणि बाबा आम्हाला उचलू द्यायचे नाहीत. आम्ही शेंगदाणे खाऊन राहिलो, मग कुणीतरी खाली उतरून हातात पाकीट दिलं तेव्हा घेतलं. घरीही बाबा टोपलीतली भाकरी स्वतः उचलून घेतात, ताटात कुणाला वाढू देत नाहीत. मला वाटायचं, मास्तरकीची शिस्त असेल.

तर निघालो. सकाळी लातूरच्या स्टँडकडे जाताना क्लासच्या गल्ल्यांमधून रिक्षा काढणं हेच एक साहस असतं. दप्तरं पाठीवर टाकलेली शेकडो मुलं, डबेवाले, ‘फक्त मुलींसाठी’ लिहिलेल्या खोल्यांच्या पाट्या, आणि वर टॉपर मुलांचे घरापेक्षा मोठे फोटो. भूकंपानंतर हे शहर पुन्हा उठून बसलं ते या पोरांच्या जिवावर, असं मी अभिमानाने म्हणते, बाबा नाक मुरडतात.

जाणाऱ्यांसाठी माहिती: मुखेडची थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर शिरूर ताजबंदला उतरून गाडी बदला. ज्येष्ठांना अर्धं तिकीट, आधारकार्ड जवळ ठेवा. चाकूरला गाडी थांबते तेव्हा खिडकीतून मिळणारी मिरचीभजी घ्या, कागदावरच्या तेलाकडे बघू नका. जांबच्या पुढे रस्त्याने आमची हाडं खिळखिळी केली, पण दोन्ही बाजूंना श्रावणातलं सोयाबीन आणि मूग असे दाटले होते की तक्रार करवेना. मुखेडहून गावापर्यंत शेअर ऑटो मिळते. ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर बसायची तयारी हवी.

पोचल्यावर बाबा चहालाही थांबले नाहीत, थेट विहारात गेले. दोन्ही भंते अंगण झाडत होते. धीरो भंते उंच, चष्मेवाले. ओपासो भंते बुटके, हसरे, विशीतले, माझ्या क्लासच्या मुलांपेक्षा जेमतेम मोठे. दोघांच्या गालांची हाडं वर आली होती.

“लई छान!” ओपासो भंते आम्हाला बघून म्हणाले. एवढंच मराठी त्यांना येत होतं, आणि ‘तिखट’.

त्यांचा दिवस त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितला. पहाटे उठून वंदना, मग पिंडपात, म्हणजे पात्र घेऊन फिरणं. दुपारी बाराच्या आत एकदाच जेवण, नंतर फक्त पाणी. अंगावरचं चीवर स्वतः धुवायचं, संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना ध्यानाला बसवायचं. आईला फोन रविवारी, तोही विहाराच्या गच्चीच्या एकाच कोपऱ्यात रेंज येते तिथे उभं राहून. आईला सगळं बरं आहे असं सांगतो, असं म्हणून ओपासो भंते हसले.

बाबांना धीर निघेना. “विचार त्यांना, झाकण का लावता?”

मी विचारलं. धीरो भंते गोंधळून एकदम उभे राहिले. मग सावकाश म्हणाले, “तांदूळ, डाळ, पीठ. कच्चं धान्य आम्हाला घेता येत नाही. आम्ही चूल पेटवत नाही. या वर्षावासात आम्ही फक्त पात्रात पडलेलं शिजलेलं अन्न खायचं ठरवलंय.”

“मग सांगितलं का नाही?”

“भिक्खूने अमुक द्या असं मागायचं नसतं.”

मी कपाळावर हात मारला. त्यांना पात्रात खाण्यासारखं काय मिळत होतं, तर मुलांनी आणलेली केळी आणि बिस्किटं. आणि वस्तीतल्या घराघरात नव्या स्टीलच्या ताटलीत तांदूळ, तूरडाळ आणि पीठ असा शिधा मांडून ठेवलेला! आत्याने नंतर सांगितलं, ते विहाराच्या कमिटीने मुद्दाम ठरवलं होतं. उष्टं-शिळं आपण खाल्लं, आपल्या भंतेंना मानाने कोरडा शिधा द्यायचा. मान देण्याच्या नादात वस्तीने पोरांना उपाशी ठेवलं होतं, आणि नियम पाळण्याच्या नादात पोरांनी वस्तीच्या जुन्या जखमेवर बोट ठेवलं होतं.

मला हायसं वाटलं. मिटलं सगळं! पण रात्री आत्याच्या ओसरीत बाबांनी विषय पुन्हा काढला.

“म्हणजे दारात उभ्या माणसाच्या वाडग्यात भाकरी टाकायची,” ते म्हणाले. “माझ्या बापाला टाकायचे तशी. हे माझ्या हातनं व्हायचं न्हाई. उद्या जीप येईल, जाऊ द्या त्यांना.”

आत्या भांडी घासत होती. ती हात धुऊन बाबांसमोर येऊन बसली.

“दादा, बापाला वरून टाकली, शिळी टाकली. तुला वरून टाक म्हणलं कोणी? ताजी कर आन् वाकून घाल की. आरं, आजवर ह्या उंबऱ्यावरून कोणी काही मागून नेलंय का? आपल्या दारात देणारा कधी उभाच ऱ्हायला न्हाई. आता ऱ्हायची येळ आली तर तू जीप बोलवून ऱ्हायला!”

आत्या उठून शेजारच्या दोन घरी ‘सकाळी ताजं शिजवून घाला’ असा निरोप सांगून आली, आणि वस्तीत निरोप कसा पसरतो ते तुम्हाला ठाऊकच आहे.

सकाळी जाग आली ती भाकऱ्या थापण्याच्या आवाजाने. सगळ्या वस्तीतून एकदम. काय वास सुटला होता! आत्याने ज्वारीची भाकरी, वरण, मेथीची भाजी केली आणि ठेच्याकडे हात नेला तसं मी ओरडले, “ठेचा नको, पोरं मरतील!”

भंते आले. मान खाली, पावलं सावकाश, दर दाराशी थांबत. क्रम मोडायचा नाही, घर निवडायचं नाही, हाही त्यांचा नियम. आमच्या दाराशी पोचले तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून उंबऱ्याबाहेर उभे होते. त्यांनी चपला काढल्या, गुडघे टेकले आणि दोन्ही हातांवर भाकरी धरली. ओपासो भंतेंनी झाकण उघडलं, पात्र बाबांच्या हाताच्याही खाली आणलं. भाकरी आत गेली. दोघं भंते पालीतला आशीर्वाद म्हणायला लागले आणि बाबांनी पुढच्या ओळी त्यांच्याबरोबर म्हटल्या. मी ढसाढसा रडले, लाजायचं काय त्यात.

वस्ती संपते तिथे हातपंप आहे. तिथून वर गाव लागतं. आजवर कमिटी भंतेंना तिथूनच मागे फिरवायची. आपल्या भंतेंनी त्यांच्या दारी कशाला उभं राहायचं, म्हणून. आज सगळे बाबांकडे बघायला लागले.

“जाऊ द्या,” बाबा म्हणाले. “मी मागं हाय.”

मग काय, अर्धी वस्ती मागे निघाली. आजोबा ज्या गल्लीत मान खाली घालून फिरले, तिथून बाबा छाती काढून चालत होते. पहिल्या दोन-तीन दारांत लोक नुसते बघत राहिले. मग पाटलांच्या घरातली सून लगबगीने बाहेर आली. “थांबा ओ महाराज!” हातात गरम धपाटं. तिने हात उंचावून ते पात्रात सोडायला घेतलं, सवयीनेच बहुतेक.

बाबा शांतपणे म्हणाले, “माय, जरा वाकून.”

तिने बाबांकडे पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि वाकून दोन्ही हातांनी धपाटं पात्रात ठेवलं. बरोबर वस्तीतल्या भाकऱ्यांवर. पुढच्या दारची म्हातारी आधीच वाटीत दहीभात घेऊन पायरीवर उतरून उभी होती.

पात्रं भरली, तरी लोक येत राहिले. दुपारी नांदेडहून जीप आली. ड्रायव्हरला आत्याने पोटभर जेवू घातलं, ठेच्यासकट, आणि रिकामी जीप परत पाठवली. आम्ही निघताना ओपासो भंते बाबांना म्हणाले, “लई छान.” बाबांनी हात जोडले.

येताना शिरूरला गाडी चुकली, पाऊस लागला, बाबांनी वाटेत तीन वेळा तीच गोष्ट शेजारच्या प्रवाशांना सांगितली. लातूरला पोचलो, मी पटकन पिठलं-भाकरी केली आणि नेहमीप्रमाणे भाकरीची टोपली बाबांच्या पुढे ठेवली.

बाबांनी टोपलीला हात लावला नाही. ताट उचलून माझ्यापुढे धरलं.

“वाढ की,” म्हणाले.

मी वाकून वाढली.