सागवानी फ्रेम

फ्रेमच्या दुकानातला ताज्या पॉलिशचा वास आला की मला कोरेगावचं ते कॉलेज आठवतं. माझे वडील तिथे इतिहास शिकवायचे. तरुणपणी पुण्याच्या जुन्या बाजारात त्यांना प्राचीन रोमन जगाचा, दोनेकशे वर्षांपूर्वी छापलेला नकाशा मिळाला होता. कागद चहाच्या डागासारखा तपकिरी, समुद्र हाताने रंगवलेला फिकट निळा आणि पार उजव्या कडेला वाकडातिकडा काढलेला आपला किनारा. निवृत्त होताना त्यांनी तो सागवानी फ्रेममध्ये बसवून कॉलेजला दिला. काही वर्षांनी तिथल्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनाचं त्यांना बोलावणं आलं, म्हणून मीही सोबत गेले. व्यासपीठामागे तीच फ्रेम टांगलेली होती, पण आत संस्थेच्या अध्यक्षांचा फेटा बांधलेला फोटो होता. अध्यक्ष वडिलांचेच जुने विद्यार्थी. वाकून पाया पडले, तेव्हा वडिलांनी हळूच नकाशाचं विचारलं. "त्यो व्हय सर? लय जुना झालता, कडंला कसर लागलीती, दिला रद्दीत," ते हसत म्हणाले, "पर फ्रेम झ्याक हाय बघा तुमची, वाया न्हाई घालवली." मी रागाने उठायला लागले, तर वडिलांनी माझं मनगट दाबून धरलं. अध्यक्षांचं भाषण संपलं, तेव्हा सगळ्यांबरोबर वडिलांनीही टाळ्या वाजवल्या. वडील जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या अध्यक्षांवरचा माझा राग केव्हाच विझला. त्या टाळ्यांबद्दल वडिलांना मात्र मला अजून माफ करता आलेलं नाही.