चार खोल्या, चार डबे

आईला पुण्याला न्यायचं, असं धाकट्या भावानं परस्पर ठरवून मला फोन केला. मी म्हणाले, "ती काय लोखंडी कपाट हाय का, चौघांनी उचललं आन् टेम्पोत टाकलं?" तो म्हणाला, "ताई, तिला दिसत नाही." जसं काही हे मला माहीत नव्हतं! काचबिंदूनं आईचा आधी उजवा डोळा गेला, मग डावा. आता तिला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं. आणि भावाचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. तिथं दोघं नवराबायको सकाळी बाहेर पडणार, आईला आत ठेवून दाराला लॅच लावणार, आणि ह्याला म्हणायचं सांभाळणं.

आमचं घर वरवंडला. एकामागं एक अशा चार खोल्या: बाहेरची, मधली, स्वयंपाकघर आणि मागं पत्र्याची पडवी, तिथंच न्हाणी. वडिलांनी बांधलं असं सगळे म्हणतात. बांधलं त्यांनी, पण विटा वाहिल्या आईनं आणि बांधकामावर पाणीही मारलं आईनंच, दुसऱ्याच्या रानातलं खुरपणं आटोपून आल्यावर. वडील वारल्यावर ती तिथं एकटी राहायची. मी इकडं कारेगावला खोली घेऊन राहते आणि कंपनीत टेस्टिंग लाइनवर काम करते. सुट्टी मिळाली की न्हावरा, चौफुला करत स्कूटीवर वरवंड गाठायचं, हे माझं ठरलेलं.

भावानं तीन महिन्यांची मुदत दिली होती. तेवढ्या काळात आई एकटी राहू शकते हे मी त्याला दाखवायचं. नाही जमलं, तर तो तिला घेऊन जाणार.

मी बघत होते, की आई दिवसभर स्वयंपाकघरातच बसून असते. तिथं एक जुना खरखर करणारा ट्रान्झिस्टर होता. मला वाटलं, गाणी तिथं आहेत म्हणून ती तिथं बसते. मग गाणी सगळ्या खोल्यांत नेली, तर ती घरभर फिरेल. डोक्यात आलं आणि मी पेटलेच. आईला विचारलंही नाही. म्हणजे परस्पर ठरवण्यात मी भावाच्या एक पाऊल पुढंच होते, पण ते मला तेव्हा कुठं कळायला!

आधी दौंडला एका दुकानात गेले. विकणारा म्हणाला, "मॅडम, नुसतं बोलायचं, स्पीकर ऐकतो." मी म्हणाले, "बाहेरच्या खोलीत गाणी लाव की रं." त्या स्पीकरनं मला इंग्रजीत हवामान सांगितलं. "आवाज क्लिअर पाहिजे, मॅडम," असं वर दुकानदार मलाच शिकवायला लागला. मी त्याला विचारलं, "नेट गेल्यावर हा काय करतो?" तो गप्प बसला. मी म्हणाले, "तुमच्यासारखंच करत असणार," आणि चालती झाले.

लाइनवरच्या पोरींनी जुने मोबाइल सुचवले. एक लावून बघितला. सतत चार्जिंगला राहिल्यानं त्याची बॅटरी पापडासारखी फुगली. मग पत्त्याच्या पानाएवढा एक कॉम्प्युटर-बोर्ड मिळतो, तो आणला. सगळे त्याचं फार कौतुक करतात. पण नावाला स्वस्त. त्याची पेटी वेगळी, चार्जर वेगळा, मेमरी कार्ड वेगळं. शिवाय आमच्याकडं लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. तिसऱ्यांदा लाइट गेली आणि कार्ड बिघडलं ते बिघडलंच. आणि त्याच्या हेडफोनच्या भोकातून गाण्याच्या मागं सारखी एक घुरघुर. टेस्टिंगवर असला माल आला असता तर मी लाल स्टिकर लावून बाजूला काढला असता.

तेव्हा मी माझ्या अटी कागदावर लिहिल्या. पंखा नको, कारण शांत खोलीत त्याची घरघर ऐकू येते. लाइट आल्यावर गाण्याचा डबा स्वतः उठला पाहिजे. आई बटण शोधत बसणार नाही. आणि बिघडला तर त्याच्यासारखा दुसरा इथंच, आसपास मिळाला पाहिजे.

असला डबा मिळाला कुठं, तर कारेगावातल्या भंगारवाल्याकडं. ऑफिसं नवीन मशिनं घेतात तेव्हा जुनी ह्याच्याकडं येतात. त्यात पुस्तकाएवढे काळे डबे होते, ऑफिसातले छोटे कॉम्प्युटरच. पंखा नाही, डिस्क नाही, आत एक छोटी चिप, झालं. भंगारवाला म्हणाला, "मॅडम, इसमें कुछ है ही नहीं. क्या करोगी?" मी म्हणाले, "भैया, कुछ नहीं है इसीलिए तो चाहिए." त्याच्याच टेबलावर एकेक डबा लावला. आतल्या सेटिंगमध्ये 'वीज आली की चालू हो' असं एक कलम असतं, ते करून घेतलं. मग चालू असताना वायर उपसायची, परत खोचायची आणि डबा उठतो का बघायचं. प्रत्येकाला दहा-दहा वेळा. भंगारवाल्यानं कपाळाला हात लावला. पण चार डबे दहाच्या दहा वेळा उठले, आणि ते मी पिशवीत घालून आणले.

पुढच्या तीन सुट्ट्या वायरी ओढण्यात गेल्या. फुकटात मिळणारी प्रणाली डब्यांत टाकली, स्पीकर लावले, सगळी गाणी बाहेरच्या खोलीतल्या डब्यात भरली. बाकीचे तीन त्याच्याकडून घेऊन वाजवणार. नेट असो नसो, आमचं आमच्या घरात चालू. पहिल्यांदा लावलं तर मधल्या खोलीतलं गाणं बाहेरच्याच्या अर्धा शब्द मागं. भीमजयंतीला दोन टोकांना दोन कर्णे लावल्यावर होतं ना, तसं. मला ते सहन होईना. आमच्या लाइनवर एक सेकंद मागं पडलं तर सायरन वाजतो, मी त्यातली बाई! बसले मांडी घालून आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत चारी डबे जुळवले. मग घरात कुठंही उभं राहा, गाणं एकच. कुठून येतंय हे कळायचंच नाही. मी स्वतःवर इतकी खूश झाले, की विचारू नका.

तेवढ्यावर थांबते तर मी कसली! ट्रान्झिस्टर खरखरतो, म्हणून माळ्यावर टाकला. मधल्या खोलीतलं टोल्यांचं घड्याळ गाण्याच्या मधे टकटक करतं, म्हणून बंद केलं. पडवीतला नळ कित्येक वर्षं ठिबकत होता, त्याचा वायसर बदलला. आई बाजेवर बसून सगळं ऐकत होती. एवढंच म्हणाली, "बरं बाय, तुझं तू जाण."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या मावशींचा फोन आला. आई पडली होती. चहा करायला म्हणून उठली, आणि स्वयंपाकघर समजून थेट पडवीत गेली. गॅससाठी हात पुढं केला तर धुण्याचा दगड हाताला लागला. घाबरून मागं फिरली ती पायरीवरून खाली. गुडघा फुटला. नशीब, हाड शाबूत होतं.

मावशींनी भावालाही कळवलं होतं. त्यानं मला एकच वाक्य ऐकवलं: "रविवारी गाडी घेऊन येतोय, तिचे कपडे भरून ठेव." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझं तोंड बंद केलं, आणि ते माझ्याच हातानं.

मी रजा टाकून वरवंडला गेले. आई बाहेरच्या खोलीत बाजेवर बसली होती, गुडघ्याला हळद लावलेली. घरभर माझी गाणी वाजत होती, एकदम जुळलेली. मी म्हणाले, "आये, एवढी वर्षं या घरात वावरतीस, खोली चुकलीसच कशी?"

"खोल्या व्हत्या कुठं?" आई म्हणाली. "समद्या येकच करून टाकल्यास तू. जिकडं जावं तिकडं त्येच गाणं. पैलं रेडू खरखरला की सैपाकघर. टकटक आली की मधली खोली. नळ ठिबकला की पडवी. तो नळ काय मला दुरुस्त करून घेता येत नव्हता व्हय? मुद्दाम ठेवला व्हता तसा."

डोळे असून मला इतक्या वर्षांत दिसलं नाही, ते हिनं नळाच्या ठिबकण्यावर उभं केलं होतं. तिचं अख्खं घर मी तीन सुट्ट्यांत पुसून टाकलं होतं. मला रडू आलं आणि स्वतःचा इतका राग आला, की मी सरळ डब्याची वायर उपसायला गेले.

"आता त्ये कशाला काढतीस?" आई म्हणाली. "खोलीखोलीला येगळं वाजतंय का त्ये?"

वाजतं की! चार डबे, प्रत्येकाला आपलं डोकं. मी जीव तोडून त्यांना एक केलं होतं; वेगळं करायला अर्धा तासही लागला नाही. भंगारवाल्याच्या टेबलावर मी दहा-दहा वेळा वायर उपसली होती ती फुकट गेली नव्हती. रेडिओला सेल संपण्याची भीती, नळाला पाणी नसण्याची. हे डबे लाइट आली की आपापल्या जागी उठून बोलणार होते, आणि लाइट नसेल तेव्हासाठी मी टोल्यांचं घड्याळ परत चालू केलं, ट्रान्झिस्टर फळीवर ठेवला, आणि तुम्हाला हसू येईल, पण नळाचा जुना वायसर शोधून परत बसवला.

आता मात्र प्रत्येक गोष्ट आईला विचारून. पडवीत तिला बासरी हवी होती. मधल्या खोलीत नुसतं घड्याळ आणि डब्यावर हळू आवाजात पेटीचे सूर. वडील गावच्या गायन पार्टीत भीमगीतं म्हणायचे, त्यांच्या कॅसेटी मी डब्यात उतरवून घेतल्या होत्या. मला वाटलं, आईला त्यांचा आवाज स्वयंपाकघरात आवडेल, जवळ.

"तुझ्या बापानं जलमात कवा सैपाकघरात पाय ठेवला व्हता?" आई म्हणाली. "त्याला बाहीरच बसीव. सैपाकघरात मला बाजारभाव लाव, रेडूवर बाया बोलत्यात त्ये लाव."

शनिवारपर्यंत आम्ही दोघींनी सराव केला. मी काही बोलायचं नाही, हात धरायचा नाही. पहिल्या दिवशी ती दोनदा थबकली. दुसऱ्या दिवशी एकदा. शनिवारी मी बाजेवर बसून होते आणि तिनं मागून हाक मारली, "भाकरी झाली, ये."

रविवारी भाऊ आला. भावजय गाडीतच थांबली, कारण लगेच निघायचं होतं ना! त्यानं बाजेवर पिशवी शोधली. मी म्हणाले, "कपडे भरले न्हाईत." तो चिडला. "ताई, हट्ट तुझा, गुडघा तिचा. परत पडली तर तू जबाबदार का?" खोटं नव्हतं ते, म्हणून जास्त झोंबलं. मी म्हणाले, "मी एकदा चुकले. तू तर तिला विचारलंच न्हाईस." बाहेरच्या खोलीतल्या डब्यातून वडील गात होते आणि आम्ही दोघं त्यांच्यापेक्षा मोठ्यानं भांडत होतो.

"गप बसा दोघं," आई म्हणाली. "च्या टाकते." आणि ती उठली.

भावानं मला हातानं थांब म्हणून खुणावलं. चप्पल काढली आणि पाय न वाजवता तिच्या पुढं गेला. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन, श्वास रोखून उभा राहिला. तिला खरंच कळतं का, की मी पढवलंय, हे त्याला बघायचं होतं. मला ओरडावंसं वाटलं. मी ओठ दाबून बसले.

आई बाजेवरून निघाली, मधल्या खोलीत घड्याळापाशी आली, पेटीच्या सुरावरून पुढं निघाली. दारापासून दोन पावलांवर ती थांबली. मान जरा तिरकी केली.

"कोण उभं हाय रं दारात?" आई म्हणाली. "बाजूला सरक. माझं सैपाकघर झाकलंस तू."

भाऊ बाजूला सरकला. भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्याच्यामागून कांद्याचा बाजारभाव परत मोकळा ऐकू यायला लागला. आई त्याच्या अंगावरून आत गेली, तिनं फळीवरचा लायटर घेतला, गॅस पेटवला आणि पातेल्यात पाणी ओतलं. मग पाठमोरीच म्हणाली,

"आन् तिला गाडीतून आत बोलीव. तू बाहीर जाऊन बस बापापाशी, च्या तिकडं आणते."