मोराच्या कागदाचा खटला

कोकिळा महाजन यांचं नाव ठेवणाऱ्या आत्याला कुणी बुऱ्हाणपूरच्या कोर्टात आणलं असतं, तर तिनं तोंडच लपवलं असतं. बाई वरच्या मजल्यावर बोलू लागल्या की खालच्या चहावाल्याला खटला पाठ व्हायचा. रसायनशास्त्र घेऊन पदवी केली आणि मग सासरच्यांच्या नाकावर टिच्चून वकिली. इतकी वर्षं बांधाची नि वाटणीची भांडणं लढल्या. खोटं बोलणाऱ्याला त्या भर कोर्टात झापायच्या, मग तो स्वतःचा पक्षकार का असेना. त्यामुळे पक्षकारांची गर्दी बेताचीच असे.

अशा या बाईंकडे एका सकाळी दापोऱ्याची रंभाबाई आली. तिचा नवरा चुडामण याची केळीच्या रोपांची नर्सरी होती. असीरगढच्या रस्त्यावर पोलिसांनी त्याला धरलं होतं, नशेचा माल बाळगला म्हणून. तीन वकिलांनी खटला नको म्हणून हात जोडले होते. जामिनाचा एक अर्ज फेटाळलाही गेला होता.

"बाई, माह्या धन्यानं काहीच नही केलं. तो कागूद तं मुळ्या फुटाले होता!"

"कसला कागद? रडू नको, नीट सांग."

रंभाबाईनं सांगितलं ते असं. केळीच्या मुनव्यांना, म्हणजे बुंध्याशी येणाऱ्या पिलांना, मुळ्या लवकर फुटाव्या म्हणून एक पावडर मिळते. ती चिमटीनं घातली की कधी कमी पडते, कधी जास्त होऊन मुनवा जळतो. म्हणून चुडामण पावडर स्पिरिटमध्ये विरघळवी, टिपकागदावर थेंब सोडी आणि कागद वाळवून त्याचे चौकोन कापी. एक चौकोन, एक बादली पाणी, त्यात मुनवे बुडवायचे. नर्सरीतल्या बाया निरक्षर, म्हणून सौम्य औषधाच्या चौकोनावर मोराचा शिक्का, कडक औषधाच्या चौकोनावर हत्तीचा. दापोऱ्यात सगळ्यांना हे ठाऊक होतं. पोलिसांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

त्यातून पोलीस ठाण्याचा फौजदार नुकताच प्रशिक्षण घेऊन आलेला. कागदाच्या बारीक चित्रवाल्या चौकोनांत एलएसडी नावाची प्रयोगशाळेत बनणारी नशा मुरवून विकतात, हे त्याला तिथं शिकवलं होतं, आणि ते खरंच होतं. त्यानं चुडामणच्या पिशवीतल्या चौकोनावर तपासणीच्या बाटलीतला थेंब टाकला. चौकोन जांभळा झाला. एलएसडीवर हा थेंब जांभळाच होतो.

"क्या है ये?" फौजदारानं विचारलं.

आणि आमचा शहाणा चुडामण छाती फुगवून म्हणाला, "साहब, बहुत ताकत की दवाई है! एक टुकडे में पूरी बाल्टी!"

झालं. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा. एलएसडी तोळाभर काय, चिमूटभर असली तरी कायद्याच्या लेखी मोठा साठा ठरते, आणि वजन धरतात ते कागदासकट. मोठ्या साठ्याला जामीन जवळजवळ नाही, शिक्षा दहा ते वीस वर्षं. चुडामण पंचावन्नचा होता. प्रयोगशाळेचा अहवाल येता येत नव्हता. गावात लोकांनी त्याची रोपं घेणं सोडलं होतं, आणि विहिरीवर बाया रंभाबाईला पाहून गप्प होत.

कोकिळाबाईंनी जुनं पुस्तक काढलं. ज्या रासायनिक साच्यामुळे एलएसडीवर तो थेंब जांभळा होतो, तोच साचा मुळ्यांच्या औषधातही असतो, हे त्यांना पुसटसं आठवत होतं. पुस्तकात ते सापडलं तेव्हा त्या एकट्याच मोठ्यानं हसल्या. मग त्यांना त्या बिचाऱ्याचे वाया गेलेले महिने आठवले आणि संताप आला. त्यांनी शाहपूरच्या बाजारातून त्याच पावडरीचं सीलबंद पाकीट आणवलं आणि जामिनाचा नवा अर्ज लावला.

सरकारी वकील मोतीलालजी जुने, कसलेले. ते उभे राहिले आणि हिंदीत गर्जले की चौकोन जांभळा झाला, आणखी काय पुरावा हवा?

"पुरावा मीच देते," बाई म्हणाल्या. "साहेब, तीच बाटली मागवा. हे बाजारातलं पाकीट. सील आपण स्वतः पाहा."

न्यायाधीशांनी सील पाहिलं, फोडायला लावलं. फौजदारानं स्वतः पावडरीवर थेंब टाकला. पावडर जांभळी झाली.

"आता त्या दुकानदाराला धरा," कोकिळाबाई म्हणाल्या. "आणि त्याच्याकडून पाकीट नेणाऱ्या सगळ्या केळीवाल्यांना. आहे तुरुंगात जागा?"

मागं हशा पिकला. मोतीलालजी हार मानणारे नव्हते. आजकाल रोज नवी नशा निघते, ही एलएसडी नसेल तर तिची एखादी बहीण असेल, असं ते म्हणाले.

"मग तिचं नाव सांगा! कायद्यानं नावं घालून यादी केलीय. यादीतल्या पदार्थाला शिक्षा आहे, जांभळ्या रंगाला नाही. सदऱ्याच्या रंगावरून चोर धरायचा आणि तोंड पाहायचंच नाही, हा कुठला न्याय? थेंबानं संशय घ्यावा, माझी ना नाही. पण ओळख पटवायची ती मोठ्या यंत्रानं. ते पदार्थाचे तुकडे करून एकेकाचं वजन घेतं. तिथं सोंग चालत नाही."

न्यायाधीशांनी चुडामणला तिथल्या तिथं अंतरिम जामीन दिला आणि प्रयोगशाळेला मुदत घालून दिली. मुदतीच्या आत अहवाल आला. एलएसडी नाही. तिची कुठली बहीणही नाही. कायद्याच्या यादीतलं काहीच नाही. मुळ्या फुटायचं औषध, पिकांना वापरतात ते. खटला रद्द. फौजदारानं बाहेर येऊन चुडामणपुढं हात जोडले, आणि कोकिळाबाईंनी, त्यांची ती जित्याची खोड, दोघांनाही झापलं: याला घाईबद्दल, त्याला बढाईबद्दल. पण डोळे पुसतच झापलं.

चुडामण सुटला म्हणून हसत होता. रंभाबाई मात्र हसेना.

"काय गं, आता काय राहिलं?"

"बाई, हे इथी चार भिंतीत म्हनलं साहेबानं. गावात कोन आयकलं?"

बाईंनी निकालाची नक्कल पिशवीत घातली आणि त्यांच्याबरोबर दापोऱ्याच्या गाडीत बसल्या.

मारुतीच्या पारावर माणसं जमली. विहिरीवरच्या बायाही आल्या, पदर तोंडाशी धरून मागं उभ्या राहिल्या. कोकिळाबाईंनी हिंदी निकाल मराठीत करून ओळीओळीनं सांगितला. चुडामण निर्दोष आहे, असं वाक्य आलं तसा एक म्हातारा पुढं झाला आणि चुडामणच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "माह्या शेताले रोपं लागतीन रे, कवा देशील?" मग एकच गलका झाला. कुणी गूळ आणला, कुणी चुडामणला खांद्यावर घेतलं.

रंभाबाई गर्दीतून वाट काढत बाईंच्या पुढ्यात आली. मागच्या बायांकडे एकदा वळून पाहिलं आणि पदर खोचला.

"बाई," ती म्हणाली, "ते निर्दोषवालं पुन्हा वाचा."