दोरीच्या भांडणाचं वॉरंट

तयार कपड्यांच्या कारखान्यात सुटे धागे कापण्यात जिचं अर्धं आयुष्य गेलं, तिला सगळे कात्रीमावशी म्हणत. छोटी कात्री कायम कमरेला खोचलेली, अगदी बाजाराला जातानाही. कारखान्याला टाळं लागलं तसं काम संपलं, नाव तेवढं राहिलं. मग मावशीने जिने झाडले, एका आजारी बाईची उस्तवार केली, दुकानात बरण्या पुसल्या. कुठेच पाय टिकला नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती लेक आपल्या घरी सुखात होती, पण लेकीच्या दारात हात पसरायचा नाही हे मावशीने मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणून शाळेच्या बसवर मदतनीस बाई हवी आहे असं कळलं, तेव्हा तिला हायसं वाटलं. मुलांना हाताला धरून चढवायचं, उतरवायचं, कुणाला उलटी झाली तर पुसून घ्यायचं. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी जुजबी चौकशी केली आणि पोलिस तपासणीचा अर्ज पुढे सरकवला. "लहान मुलांचं काम आहे ना, सगळ्यांचीच करतो," त्या म्हणाल्या.

काही दिवसांनी त्यांचाच फोन आला. आवाज जरा अवघडलेला होता.

"मावशी, तुमच्या नावावर वॉरंट निघालंय. अटकेचं."

"माझ्या? दुसऱ्या कुणाचं असेल."

"नाव तुमचं, जुना पत्ता तुमचा. मारहाण आणि शिवीगाळ असं लिहिलंय. तेवढं मिटवून आणा, मग बघू."

मारहाण म्हटल्यावर मावशी हसणारच होती. मग जुना पत्ता डोक्यात शिरला.

लेक शाळेत जायची तेव्हाची गोष्ट. त्या इमारतीच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला एकच लांब दोरी होती आणि समोरच्या बिऱ्हाडातली बाई ती सगळी अडवून ठेवायची. रोज कुरबुर, रोज टोमणे. एक दिवस मावशी कामावरून आधीच वैतागून आली होती. तिने कमरेची कात्री काढली आणि कच्चकन दोरी कापली. समोरच्या बाईच्या धुतलेल्या चादरी धुळीत लोळल्या. मग झिंज्या धरण्यापर्यंत मजल गेली. पोलिस आले, दोघींना दम दिला, आणि "जा घरी, पुन्हा भांडू नका," म्हणून गेले. महिन्याभरात मावशीच्या नवऱ्याचं काम शहराच्या दुसऱ्या टोकाला लागलं, त्यांनी जागा सोडली. मावशीच्या लेखी विषय संपला होता.

मुलांनी मात्र जिन्यावरची ओळख सोडली नव्हती. मोठी झाल्यावर मावशीच्या लेकीने आणि समोरच्या बाईच्या मुलाने लग्न ठरवलं, तेव्हा दोन्ही आयांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. पण पोरांच्या सुखासाठी दोघींनी ते भांडण हसण्यावारी नेलं. विहीणबाई तर चारचौघांत रंगवून सांगायच्या. शेवटी दरवेळी म्हणायच्या, "आणि पोलिसांना कुणी कळवलं? खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने. मेल्याला दुसरा उद्योग नव्हता."

मावशी पोलिस चौकीत गेली. तिथल्या हवालदाराने कॉम्प्युटरमध्ये बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांचं न बजावलेलं वॉरंट आणि त्यासाठी स्वतःहून आलेली पिकल्या केसांची बाई, या दोन्हींचं काय करावं हे त्याला सुचेना. "आम्ही नाही काही करू शकत. कोर्टात जा," तो म्हणाला. कोर्टातल्या खिडकीवर सांगितलं, जुन्या फायली मागच्या इमारतीत. मागच्या इमारतीतला कारकून जेवायला गेला होता. आल्यावर म्हणाला, उद्या या. दुसऱ्या दिवशी म्हणाला, वकील घेऊन या. मावशीचे पाय भरून आले. कुणी वाकडं बोलत नव्हतं, पण दाद लागत नव्हती.

आवारात टेबल टाकून बसलेला एक वयस्क वकील तिने गाठला. त्याने फाईल काढून घेतली, चष्मा कपाळावर चढवून वाचली.

"समन्स जुन्या पत्त्यावर गेलं, तुम्ही आला नाहीत, म्हणून वॉरंट निघालं. दोन वाटा आहेत. गुन्हा कबूल करा, किरकोळ दंड होईल. पण मग शिक्षा झाली अशी नोंद राहते, शाळेचं काम विसरा."

"आणि दुसरी?"

"फिर्यादीने येऊन सांगायचं, आमचं मिटलं. केस बंद." त्याने पान उलटलं आणि फिर्यादीचं नाव वाचून दाखवलं.

मावशीने ते पुन्हा वाचायला लावलं. नाव विहीणबाईंचं होतं. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी चौकीत जाऊन त्यांनी रीतसर तक्रार दिली होती.

"ओळखीच्या आहेत का?" वकिलाने विचारलं.

"माझी लेक त्यांच्या घरात आहे," मावशी म्हणाली.

ती तशीच विहीणबाईंकडे गेली. वाटेत काय काय बोलायचं ते मनात जुळवत होती, पण दारात पोचेपर्यंत सगळं विरून गेलं. लेक कामावर होती, जावई बाहेर. विहीणबाई पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"उन्हाच्या कुठे निघालात?" त्यांनी पाणी दिलं.

"कोर्टातून येतेय. ती आपली दोरीची केस अजून उघडी आहे. त्यापायी माझी नोकरी अडलीय."

"काय सांगता. अहो, तो म्हातारा जाऊनसुद्धा जमाना झाला."

"त्यात म्हाताऱ्याचं नाव नाही, विहीणबाई."

विहीणबाईंचा हात घडीवर थांबला. मावशीने पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "तुम्हाला एकदा यावं लागेल. मिटलं एवढंच सांगायचं."

विहीणबाईंनी कानाच्या पाळीला हात लावला.

"माझं डूल ओढलं होतंत तुम्ही," विहीणबाई म्हणाल्या. "कानाची पाळी फाटली. रक्त आलं होतं."

"हो. ओढलं होतं."

"मग मी काय करायचं होतं?"

"केलंत ते केलंत. मागे घ्यायचं राहून गेलं, तेवढंच."

"राहून नाही गेलं." त्यांनी चादर मांडीवर घेतली. "आधी रागात होते. मग सोयरीक जुळली, तेव्हा लाज वाटली. म्हटलं, पडलंय तिथे पडू दे. तुम्हाला त्रास होईल असं नव्हतं वाटलं." मग हळूच विचारलं, "मुलाला सांगणार?"

"माझ्या तोंडून नाही कळायचं."

ठरलेल्या दिवशी दोघी गेल्या, तर न्यायाधीश रजेवर. पुन्हा तारीख, पुन्हा ते बाकडं. विहीणबाईंनी घरून थर्मासात चहा आणला होता. एकाच झाकणातून दोघी आळीपाळीने प्यायल्या. पुकारा झाला तसं वकिलाने सगळं थोडक्यात सांगितलं. न्यायाधीश मावशीच्या लेकीच्या वयाची होती. दोघी आता विहिणी आहेत हे ऐकून तिने मान वर केली.

"अजून भांडता का?"

"आता कुठे फुरसत मिळते," विहीणबाई म्हणाल्या. कोपऱ्यातला शिपाई तोंड फिरवून हसला. अंगठे, सह्या, शिक्का. दोघी बाहेर आल्या तेव्हा बाकावरची त्यांची जागा अजून रिकामीच होती.

पण वॉरंट रद्द झाल्याचं चौकीच्या कॉम्प्युटरला कळायलाही वेळ लागला, आणि तोवर शाळेने दुसरी बाई घेतली होती. मावशी पुन्हा जिने झाडायला लागली. नवं सत्र सुरू झालं तेव्हा ऑफिसातल्या बाईंनी आठवण ठेवून फोन केला. एक बस वाढली होती.

राग आला तो त्यानंतर, सगळं सुरळीत झाल्यावर. एका दुपारी मुलं उतरून गेली होती आणि मावशी सीटा पुसत होती. एकाएकी ती थांबली, फडकं हातातच राहिलं. इतकी वर्षं ही बाई माझ्यासमोर बसून म्हाताऱ्याचं नाव घेत होती, आणि मीही हसत होते. ती मागच्या सीटवर टेकली. ड्रायव्हरने आरशातून बघितलं.

"मावशी, बरं नाही का?"

"बरं आहे. दमलेय जरा."

त्या रविवारी लेकीने जेवायला बोलावलं होतं. मावशीने डोकं दुखतंय असं कळवलं आणि ती दिवसभर पडून राहिली. पुढच्या रविवारी गेली.